गोधडी शिकवणारीचंही मोल लावूया

(गोधडी प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी ग्रामसंघाच्या सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं भाषण)



आज प्रमाणपत्रं वाटायची, फोटो काढायचा आणि घरी जायचं असं ठरलंय. पण मागच्या सभेत एक प्रश्न अर्धाच राहिला होता, तो आधी घेते. पंधरा दिवस आपल्याला गोधडी कुणी शिकवली? आजींनी. मग त्यांना मानधन द्यायचं की नाही? काही जणी म्हणाल्या, "आजी घरच्याच की, साडी-चोळी देऊ." साडी-चोळी जरूर द्या. पण मशीनकाम शिकवायला तालुक्याहून सर आले होते, त्यांना आपण दिवसाचं मानधन दिलं, वर गाडीभाडं दिलं. तेव्हा कुणी 'सर घरचेच' म्हटलं नाही!

आजींना मी विचारलं, सुई कधी धरली? म्हणाल्या, परकर-पोलक्यात होते तेव्हा. आज सत्तरी ओलांडली, सुईत दोरा नातू ओवून देतो, पण हात रिकामा राहिला की त्यांना करमत नाही. वाडीत बाळंतीण आली की दुपटं आजींकडूनच जाणार. एवढ्या वर्षांत त्याचे पैसे कधी मागितले नाहीत. आवड होती म्हणून शिवलं, असं त्या म्हणतात. खरं आहे. पण आवड आहे म्हणून काम फुकट, हे फक्त बाईच्याच कामाला का लागू होतं?

आणि त्यांनी शिकवलं काय, ते बघा. जुनं सुती लुगडं का घ्यायचं? धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं, आटायचं तेवढं आटलेलं असतं. कोरं कापड घ्यायचंच तर आधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं आणि टाके ओढले जाऊन सुरकुत्या पडतात. नायलॉनची साडी दिसायला झकास, पण घाम टिपत नाही आणि सुईखाली सरकते. थर अंथरून तळहातानं चुण्या काढायच्या, कच्चे टाके घालायचे, मगच धावदोरा. माप वितीनं आणि हातानं. शिकणारीला त्या गोधडीच्या पलीकडे समोर बसवतात, म्हणजे दोघींचे टाके शेजारी दिसतात. कुणाचा वाकडा गेला तर उसवायला लावत नाहीत. "पुढचा नीट घाल," एवढंच. मी समाजकार्याची पदवी घेतली, प्रशिक्षण कसं द्यावं यावर पेपर लिहिले, पण असं शिकवणं मी तिथं पाहिलं नव्हतं.

आता दुसरी गोष्ट. एका व्यापाऱ्यानं सांगितलंय, सगळ्या गोधड्या एकाच नमुन्याच्या द्या, नगाला सहाशे देतो. मोबाईलवर मी तुम्हाला अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या गोधड्यांचे फोटो दाखवले होते, आठवतंय? तिथल्या शेतमजूर कृष्णवर्णीय बायकांनी 1966 साली आपल्यासारखीच सहकारी संस्था काढली. मतदार यादीत नाव घातलं म्हणून तिकडे कित्येकांची घरं आणि कामं गेली होती, तेव्हा या शिवणकामाचा आधार झाला. मोठ्या दुकानांना एकसारखा माल हवा असायचा, तोही त्यांनी दिला. पोट होतं ना. पण 2002 साली ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भिंतीवर लागल्या त्या गोधड्या वेगळ्या. घरच्यांच्या विटक्या कपड्यांच्या, आईनं लेकीला शिकवलेल्या, ज्या-त्या बाईच्या डोक्यातून निघालेल्या. म्हणून व्यापाऱ्याला नाही म्हणा असं मी म्हणत नाही. पण प्रत्येकीनं निदान एक गोधडी आपल्या मनाची शिवावी, आणि तिचा भाव वेगळा लावावा.

भावाचंच सांगते. परवा फळ्यावर हिशोब मांडला: अकरा दिवस, रोज चार तास, म्हणजे चव्वेचाळीस तास. सहाशेतून कापड-दोऱ्याचे दीडशे वजा केले तर साडेचारशे उरले. तासाला जेमतेम दहा रुपये! खुरपणीला गेलो तर एवढ्यावर कोण राबेल? हे आकडे बघून एक ताई म्हणाली, "बरं झालं आजवर हिशोब केला नव्हता." सगळ्या हसल्या, मला मात्र हसू आलं नाही. यापुढे प्रत्येक गोधडीला एक पान, त्यावर तास लिहायचे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी रेघा ओढा. व्यापाऱ्याशी बोलताना ते पान समोर ठेवायचं.

तर सचिव ताई, वहीत घ्या. ठराव पहिला: आजींना पंधरा दिवसांचं मानधन, सरांना दिलं त्याच दरानं. दुसरा: पुढच्या तुकडीला आजींबरोबर आपल्यातल्या दोघी शिकवतील, त्यांनाही मानधन. तिसरा: तासांची नोंद झाल्याशिवाय व्यापाऱ्याला भाव सांगायचा नाही. मंजूर असेल त्यांनी हात वर करा.

आजी, तुम्ही नका करू. तुमचाच विषय आहे.