दवाखान्यातले बोलणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला आज बोलायला उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. ह्या मंडळात मी आजवर सतरंज्या घातल्या, प्रसाद वाटला. भाषण कधी केले नाही. विषय तुमचा तुम्हीच ठरवा म्हणाल्या, तेव्हा गेली दोन वर्षे जिथे माझ्या निम्म्या सकाळी गेल्या तिथलेच सांगावे म्हटले. ती जागा म्हणजे सरकारी दवाखान्याची ओपीडी. सासूबाईंची साखर आणि धाकट्या जावेचा क्षय, अशा दोन केसपेपरांची पिशवी आमच्या खुंटीला कायमची टांगलेली असते. जावेचे नाव घेऊन बोलायला तिची परवानगी आहे. ती मागेच बसली आहे आणि आता ठणठणीत आहे.

तिथे औषध मिळत नाही अशी माझी तक्रार नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार विनामूल्य झाले, ही गोरगरिबांची मोठीच सोय झाली. माझे म्हणणे निराळे आहे. औषधाबरोबर जे दोन शब्द द्यायचे ते देत नाहीत, किंवा अशा घाईने देतात की कळत नाहीत. आणि मग औषध घरात असून नसल्यासारखे होते.

जावेचेच पाहा. गोळ्या सुरू झाल्या त्या दिवशी खिडकीवरच्या माणसाने पट्ट्या पुढे सरकवल्या, "रोज घ्यायच्या, चुकवायच्या नाहीत," म्हणाला आणि पुढचे नाव पुकारले. दुसऱ्या दिवशी हिची लघवी तांबडी झाली. आधीच खोकल्यातून रक्त पडलेले, तिला वाटले आता इथूनही रक्त जायला लागले. सांगायची तर लाज. तिने गुपचूप गोळ्या बंद केल्या आणि घरच्यांना पट्ट्या रिकाम्या दिसाव्यात म्हणून रोजची गोळी मोरीत टाकू लागली. आम्हांला पत्ता नाही! अकरा दिवसांनी आशाताई घरी आल्या. त्यांनी चहा घेता घेता सहज विचारले, "लघवीला रंग येतो ना?" ही म्हणाली, "आता नाही येत." एवढ्यावरून त्या बाईने ओळखले.

त्या गोळ्यांत रिफाम्पिसिन म्हणून औषध असते, त्याने लघवीला, घामाला, डोळ्यांतल्या पाण्यालासुद्धा तांबूस रंग येतो. त्यात भिण्यासारखे काही नाही. क्षयाचा साधा उपचार ६ महिन्यांचा, पहिले २ महिने ४ औषधे आणि पुढचे ४ महिने ३. तो मध्ये सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका असतो. इतके मोठे संकट, आणि ते टाळायला लागणारे वाक्य एवढेसे. लोहाच्या गोळ्यांचेही तसेच. त्यांनी शौचाला काळे होते. हे न सांगितल्यामुळे कितीजणींनी त्या गोळ्या फडताळात टाकून दिल्या असतील, इथेच हात वर करायला सांगितले तर कळेल.

आता थोडी हसण्याजोगी गोष्ट. आमच्या आळीतल्या एका काकूंना साखर तपासायला "उपाशीपोटी या" म्हणून सांगितले. काकू पहाटे उठल्या, स्नान-देवपूजा केली, साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि पहिल्या एसटीने गेल्या. तिथला मुलगा रागावला. काकू म्हणतात, "अरे, उपासच आहे माझा!" सगळी रांग हसली. पण काकूंचे भाडे गेले, दिवस गेला आणि चारचौघांत अडाणी ठरल्या ते वेगळेच. रात्रीच्या जेवणानंतर निदान ८ तास काही खायचे नाही, चहाही नाही, साधे पाणी चालेल, असे म्हटले असते तर? आपल्याकडे चहाला खाणे कोण म्हणतो?

तसाच तो "तीनदा, जेवणानंतर" हा शब्द. ज्या घरात दोनदाच चूल पेटते तिथे तिसरी गोळी केव्हा घ्यायची? आणि आपण बायका दुपारी सर्वांचे आटोपून तीनला जेवणार, ती दुपारची की संध्याकाळची? लिहिणाऱ्याने कधी आपल्या घरी विचारून पाहावे.

एक गोष्ट मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही. बाईचे दुखणे बाईला न विचारता बरोबरच्या पुरुषाला विचारतात. "हिला काय होतंय?" अहो, ती समोर बसली आहे! आणि कधी विचारलेच, तर पाळीचे, अंगावरून जाण्याचे असे मोठ्याने विचारतात की दारापर्यंतच्या रांगेला ऐकू जावे. मग बाई "काही नाही, डोके दुखते" म्हणते आणि डोकेदुखीची गोळी घेऊन परत येते. दुखणे तसेच राहते.

त्यांचीही बाजू आहे. एके दिवशी आमचा नंबर ११२ वा होता आणि डॉक्टरीणबाई एकट्या. बारा वाजले तरी त्यांनी पाणी घेतलेले मी पाहिले नाही. अशा वेळी गोड कोण बोलेल? पण त्याच गर्दीत एक सिस्टर आहेत. त्या गोळ्या देतात आणि म्हणतात, "आजी, आता मला सांगा, घरी जाऊन काय काय करणार?" सासूबाई बोटांवर मोजून सांगतात. चुकले तर सिस्टर परत सांगतात, पण "समजले का?" असे विचारत नाहीत. ते विचारले की आपण सगळ्याच मान डोलावतो, समजो न समजो. ह्याला मिनिटभरही लागत नाही.

तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली नियम केला की औषधाचे मूळ नाव वाचता येईल असे, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे. तेव्हा "अक्षर लागत नाही, परत सांगा" म्हणण्यात उद्धटपणा नाही. आजाराची माहिती मिळणे, तपासताना आडोसा असणे आणि पुरुष डॉक्टर असतील तर दुसरी बाई जवळ असणे, हे आपले हक्क आहेत. तेही मागावे, पण हळू आवाजात मागावे. तिथली माणसे दमलेली असतात.

माझी एक सूचना आहे. ओपीडीच्या दिवशी मंडळाच्या दोघीजणींनी औषधाच्या खिडकीजवळ बसावे. सल्ला कसलाही द्यायचा नाही. म्हातारीच्या हातातला कागद वाचून दाखवायचा, आणि वाचता आला नाही तर तिला आत सिस्टरकडे परत न्यायचे. त्यासाठी अधीक्षकांची परवानगी लागेल, तो अर्ज अध्यक्षीणबाई लिहितील असे त्यांनी कबूल केले आहे. हळदीकुंकू झाल्यावर नावे चिटणीसबाईंच्या वहीत द्यावीत. चष्मा असेल तर तो बरोबर आणावा; पट्टीवरची तारीख फार बारीक छापलेली असते.