जमीन हेच शहराचं भांडवल

नगररचना, वास्तुरचना व बांधकाम क्षेत्रातल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

आपली परिषद नवी मुंबईत भरते आहे, म्हणून याच शहराबद्दल बोलतो.

१९६५ साली चार्ल्स कोरिआ, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून मुंबईच्या खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. १९७० साली हे शहर उभारण्यासाठी सिडको हे महामंडळ स्थापन झालं. शहर उभं राहायचं होतं ते जमिनीच्या जोरावर. शेतं आणि मिठागरं संपादन करायची, रस्ते-पाण्याची सोय करायची, भूखंड भाडेपट्ट्याने द्यायचे आणि आलेल्या पैशातून पुढचा नोड, म्हणजे शहराचा पुढचा भाग, उभा करायचा. व्यापारी भूखंडाच्या चढ्या दरातून शाळेचा आणि छोट्या घराचा भार उचलायचा, हा त्यातला खरा गाभा. मला हा हिशेब आजही पटतो. पण हळूहळू निविदेतली सर्वांत मोठी बोली हेच नियोजनाचं यश ठरू लागलं आणि भार कुणाचा उचलायचा होता, हे मागे पडलं.

जमिनीच्या या भांडवलाचे पहिले मालक ९५ गावांतले आगरी, कोळी, कराडी. जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात भूसंपादनाच्या प्रश्नावर आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली ती या रक्तातून. त्यातलेही पावणेचार टक्के सामाजिक सुविधांसाठी वजा होतात, हाती उरतात पावणेनऊ. गावठाणाची हद्द मात्र जिथल्या तिथे राहिली. कुटुंबं वाढली, तेव्हा ‘गरजेपोटी’ बांधलेली घरं अनधिकृत ठरली. आखलेल्या शहरात ज्यांच्यासाठी आखणीच झाली नाही, त्यांना बेकायदेशीर म्हणताना आपल्या व्यवसायाला संकोच वाटला पाहिजे.

आता पाण्याकडे येतो. वाशी, नेरूळ, बेलापूरचा बराचसा भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. सगळीकडे भराव टाकणं परवडणारं नव्हतं, म्हणून धारण तलाव केले. भरती चढली की खाडीच्या तोंडावरची झडप पाण्याच्या दाबानेच बंद होते, पावसाचं पाणी तलावात थांबतं; ओहोटी लागली की झडप उघडते आणि तलाव खाडीत रिता होतो. खारं पाणी अडवणाऱ्या खारबंदिस्तीला उघाडी, म्हणजे पाणी सोडायची झडप, ठेवून इथला शेतकरी पिढ्यान् पिढ्या हेच करत आला होता. आज अनेक तलाव गाळाने भरले आहेत, गाळावर खारफुटी माजली आहे. २०१८ साली उच्च न्यायालयाने खारफुटी तोडायला राज्यभर बंदी केली, ती योग्यच होती. पण त्या बंदीमुळे इथला गाळ परवानगीशिवाय हलवता येत नाही. मुसळधार पाऊस आणि उधाण एका वेळी आलं की सखल सेक्टरांत पाणी शिरतं. तळमजल्यावरचा दुकानदार मालाची पोती उचलून फळीवर ठेवतो, तेव्हा तो आपल्या राहून गेलेल्या कामाची किंमत मोजत असतो.

आता शहराच्या नव्या वाढीकडे. २०२४ साली मुंबईला जोडणारा अटल सेतू झाला, २०२५ साली इथल्या विमानतळाचं उद्घाटन झालं. उलवे, द्रोणागिरीकडे जमिनीचे दर चढताहेत. विकासक मित्रांनो, तुमच्या धंद्याला बरकत यावी असंच मलाही वाटतं. खाडीचं दृश्य म्हणून तुम्ही सदनिकेचा दर वाढवून घेता. ती खाडी, तिचं कांदळवन, हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी टिकले तरच तो दर टिकेल. पाणथळ जागेला मोकळा भूखंड समजणं म्हणजे भांडवलच खाऊन टाकणं.

म्हणून परिषदेने दोन ठराव करावेत, अशी माझी विनंती आहे. पहिला, प्रत्येक धारण तलावाची खोली आणि झडपांची स्थिती पावसाळ्यापूर्वी जाहीर व्हावी, आणि गाळ काढण्याची शास्त्रीय योजना न्यायालयापुढे मांडावी. दुसरा, भूखंडविक्रीच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा गावठाणांतल्या गटारांसाठी, पाण्यासाठी आणि घरं नियमित करण्यासाठी बांधून द्यावा. ठरावांचा मसुदा तयार आहे. दुपारच्या सत्रात तो चर्चेला घ्यावा.