पुऱ्यांचें शहर
(ज्युबिलीच्या सभेंत दिलेलें भाषण)



“आपण मूळचे कोठले?” हा प्रश्न उस्मानपुऱ्यांत नव्या शेजाऱ्यास पहिल्याच दिवशीं विचारला जातो. आज तोच प्रश्न आपण आपल्या शहरास विचारूं.

हें शहर वसविलें तें एका परदेशस्थानें. मलिक अंबर हबसाणांत जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी झाला. सन १६१० मध्यें त्यानें खडकी या खेड्याच्या जागीं नगर उभारिलें, आणि रहिवाशांस पाणी पुरावें म्हणून जमिनीखालून नहर आणिली. औरंगझेब दक्षिणेचा सुभेदार असतां, सन १६५३ मध्यें, नगरास औरंगाबाद हें नांव मिळालें. मोंगलांचे सरदार परिवारासह आले व त्यांचे पुरे वसले. जयसिंगपुरा अंबेरच्या मिर्झा राजा जयसिंगाची आठवण ठेवितो, तर करणपुरा बिकानेरच्या राजा करणसिंगाची. परक्याच्या तळाचें घर झालें आणि परका गांवकरी झाला.

पुढें सन १७६३ मध्यें निजामाची राजधानी हैदराबादेस गेली. दरबारावर जगणारेही पांगले आणि शहराची कळा उतरली. तेव्हां शहराचें वैभव तटांत व दरवाजांत नसतें, येणाऱ्या माणसांत असतें, हें उघड झालें.

सन १९०० मध्यें आगगाडी आली. पुढें चिकलठाणें व वाळूज येथें कारखाने निघाले. आपल्यांपैकीं कितीकांचे वडील वैजापूर-गंगापुराकडील खेड्यांतून, हातांत एक वळकटी घेऊन, येथें उतरले! सन १९७७ मध्यें येथें स्वतंत्र धर्मप्रांत झाला, त्याच्या शहरांतील मंडळ्याही अशाच आलेल्या माणसांनीं भरल्या.

परंतु आम्हांस एक गोष्ट कबूल केली पाहिजे. खोली भाड्यानें मागावयास आलेल्या गरीब कुटुंबास गांव व जात विचारून आम्हींच दारावरून परत पाठविलें आहे. बेथलेहेमांत जागा न मिळालेल्या कुटुंबाची गोष्ट दर नाताळास ऐकणाऱ्यांनीं हें करावें काय?

खडकी, फत्तेनगर, औरंगाबाद आणि सन २०२३ पासून छत्रपति संभाजीनगर, अशीं शहराचीं नांवें बदललीं. माणसांचें येणें मात्र थांबलें नाहीं. आज पाणी पैठणच्या नाथसागरांतून येतें, तरी अंबराचा धडा तोच आहे: येणाऱ्याची तहान ही नगराची जबाबदारी होय. या ज्युबिलीच्या वर्षीं नव्या शेजाऱ्यास आधीं पाण्याचा तांब्या द्यावा; तो कोठला, हें मग विचारावें.