वाघ स्वतः चालत आला
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझी भाची गेल्या साली आफ्रिकेला जाऊन आली. मसाई मारात सिंह, अंबोसेलीत हत्तींचे कळप. सारे मोटारीत बसून पाहिले म्हणे. "मावशी, तूही चल एकदा," असा तिचा आग्रह. मी म्हटले, "अगं, येडशीला वाघ स्वतः चालत येतो!"

थट्टा नव्हे. २०२४ च्या डिसेंबरात आपल्या रामलिंग अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. यवतमाळकडच्या टिपेश्वरचा, चारशेहून अधिक किलोमीटर तुडवून आलेला. तरणा नर वाघ स्वतःची हद्द शोधायला असाच निघतो. आपले अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटर, त्याला अंगणाएवढेच! मग बार्शीकडेही तो दिसला, गुरे मारली. वनखात्याने धरण्याची खटपट केली; गडी हाती लागेना.

खरे सांगते, त्या दिवसांत सरपणाला जायची माझी छाती झाली नाही. पण चूल का थांबते? आमच्या जाऊबाई पहाटे एकट्या गवताला जात, त्यांच्याशी मी चक्क भांडले. वाकलेले माणूस वाघाला जनावरच वाटते, बायांनो! जायचे तर चौघींनी, उन्हे वर आल्यावर, मोठ्याने बोलत. तेवढे आपल्याला जमतेच! गाय-वासरू मारले गेले तर ते जागचे हलवू नका, लगेच वनखात्याला कळवा. पंचनाम्यावाचून भरपाई नाही.

भाची दिवाळीला येणार आहे. तिला रामलिंगाच्या वाटेवर नेईन म्हणते, उन्हे वर आल्यावरच. मोर आणि माकडे तरी दिसतीलच.