शाळा निवडताना : खासगी की सरकारी?
(मंडळाच्या गणेशोत्सवातील पालक मेळाव्यात केलेले भाषण)



दिल्लीत बदली होऊन आलेल्या मराठी कुटुंबाला घर मिळाले की पुढचा प्रश्न शाळेचा. आमच्या थोरलीच्या वेळी आम्ही घाबरलो होतो. गावच्या घराच्या दुरुस्तीसाठी ठेवलेली मुदत ठेव मोडून खासगी शाळेत नर्सरीचा प्रवेश घेतला. मुलगी छान शिकली, पण घराची दुरुस्ती राहिली ती राहिलीच. वडिलांना त्या घरात पुन्हा राहता आले नाही.

चूक कुठे झाली? खासगी शाळेचे दार तिसऱ्या वर्षी उघडते, केंद्रीय विद्यालयात पहिलीचा प्रवेश सहाव्या वर्षी. मधल्या तीन वर्षांच्या धास्तीपोटी आपण बारा वर्षांचा खर्च अंगावर घेतो. धाकट्याच्या वेळी आम्ही थांबलो. तो वसाहतीतल्या बालवाडीत गेला, मग केंद्रीय विद्यालयात.

आता हिशेब पाहा. केंद्रीय विद्यालयात आठवीपर्यंत शिक्षण शुल्क नाही. विकास निधी दरमहा 500 रुपये, म्हणजे वर्षाला 6,000. तिसरीपासून संगणकाचे थोडे पैसे, शिवाय वह्या आणि गणवेश. खासगी शाळेचा अर्ज दिल्लीत 25 रुपयांना मिळतो, त्यावर भुलू नका. पुढे मासिक, वार्षिक आणि विकास शुल्क, त्यात बसभाडे. शुल्क दरवर्षी वाढेल असे धरूनच बारा वर्षांची बेरीज करा.

प्रवेशाच्या रीतीही वेगळ्या. खासगी शाळेत घराचे अंतर, भावंड अशा गोष्टींना गुण. केंद्रीय विद्यालयात आधी केंद्र सरकारचे कर्मचारी, आणि त्यांच्यातही गेल्या 7 वर्षांतल्या बदल्या मोजतात. म्हणून बदलीचे कागद जपून ठेवा. अर्थात जागा मिळेलच असे नाही. जवळचे सर्वोदय विद्यालयही पाहून ठेवा.

कुणी मुलाची किंवा तुमची मुलाखत घेतली, देणगी मागितली, तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने ते गुन्ह्यासारखेच दंडनीय आहे, हे ध्यानात असू द्या. त्याच कायद्याने खासगी शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गात 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी आहेत. आपल्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना हे सांगा, अर्ज भरायला मदत करा. बुद्धिदात्याच्या उत्सवात यापेक्षा चांगली सेवा कोणती?

गणपती बाप्पा मोरया!