नव्या पडद्यावरचा डाग



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काही मंडळींना हसू आले असेल. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर शिक्षण, शेती, इतिहास, संतवाङ्मय अशा मोठ्या विषयांची चर्चा होत आली. त्या पंगतीत लॅपटॉपच्या पडद्यावरच्या एका ठिपक्याला पाट मांडून द्यावा, हे थोडे गमतीचे आहे खरे. पण आपल्या जिल्ह्यांतल्या सामान्य घरात नवा लॅपटॉप हौसेखातर येत नाही. मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळतो आणि तिला लॅपटॉप लागतो. मग वडील केळीच्या किंवा कापसाच्या पैशांतून, नाही तर हप्त्यांनी, चाळीस-पन्नास हजारांची ती वस्तू घेतात. खोके उघडले जाते, हळदकुंकू वाहिले जाते, पेढा वाटला जातो, आणि चौथ्या दिवशी मुलगी म्हणते, “बाबा, इथे एक हिरवा ठिपका आहे, तो जातच नाही.” बाबा धोतराच्या नाही तर रुमालाच्या टोकाने पुसून पाहतात. दुकानात गेले की उत्तर मिळते, “एवढं चालतं.” धुळ्याकडचा माणूस त्यावर ‘चालस’ म्हणतो आणि मुकाट्याने घरी येतो. ते खरोखर चालते का, आणि चालत असेल तर कोणाच्या हिशेबाने, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

आपण खान्देशी माणसे खरेदीत भोळी नाही. भरताचे वांगे आपण हातात तोलल्याशिवाय घेत नाही. कापसाचा व्यापारी गंजीत कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस ओढून पाहतो. केळीच्या घडावर डाग दिसला की भाव पाडून मागतो. जळगावच्या सराफ बाजाराची तर गोष्टच वेगळी. तिथे सोने कसोटीवर घासल्यावाचून कोणी विश्वास ठेवत नसे. असा चोखंदळ मनुष्य यंत्रासमोर मात्र मुका होतो. बंद खोके घेतो, पावतीवर सही करतो आणि निघतो. आपल्याला यातले काय कळते, ही भीड त्याच्या मनात असते. ती भीड जायची तर पडदा म्हणजे काय, हे आधी थोडे समजून घेतले पाहिजे.

१८८८ साली प्राग शहरात फ्रीडरिश रायनित्झर नावाचा एक वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरापासून मिळवलेल्या एका पदार्थाचा अभ्यास करीत होता. तो पदार्थ १४५.५ अंशांना वितळला, पण गढूळ झाला, आणि १७८.५ अंशांना पुन्हा एकदा जणू वितळून स्वच्छ झाला. एकाच पदार्थाला दोन वितळणबिंदू! मधल्या अवस्थेत तो द्रवासारखा वाहत होता, तरी त्याच्या कणांची मांडणी स्फटिकासारखी शिस्तीची होती. हाच द्रवस्फटिक. पुढे ऐंशी वर्षांनी, १९६८ मध्ये, अमेरिकेत जॉर्ज हाइलमायर यांनी त्याचा उपयोग करून चित्र दाखवता येते हे जाहीर केले. आपल्याकडेही या शास्त्रात मोठे काम झाले आहे. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी १९७७ मध्ये द्रवस्फटिकांचा एक अगदी नवा प्रकार शोधून काढला.

आजच्या बहुतेक लॅपटॉपांत काचेच्या दोन पातळ तक्त्यांमध्ये हा द्रवस्फटिक भरलेला असतो आणि मागे पांढरा दिवा सतत जळत असतो. पुढे लहान लहान झरोके आहेत असे समजा. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे तीन झरोके, आणि प्रत्येक झरोक्याची झडप उघडझाप करायला एकेक ट्रान्झिस्टर. नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर २०,७३,६०० ठिपके होतात, आणि झरोके ६२,२०,८००. जळगाव आणि धुळे हे दोन्ही जिल्हे एकत्र केले तरी त्यांत इतकी दारे-खिडक्या सापडतील की नाही कोण जाणे! यातला एखादा ट्रान्झिस्टर निकामी झाला की त्याचा झरोका कायमचा बंद तरी राहतो, नाही तर कायमचा उघडा. बंद राहिला तर काळा ठिपका, उघडा राहिला तर लाल, हिरवा किंवा निळा. आमच्या मुलीने दाखवला तो हिरवा ठिपका हा असा अडकलेला झरोका होता. त्याला रुमालाने पुसून काय होणार? काही जण अंगठ्याने दाबून, चोळून तो ‘जागा’ करू पाहतात. क्वचित रंगीत ठिपका सुटतोही. पण दाबण्याने शेजारचे झरोके बिघडण्याचा संभव जास्त, आणि मग दुकानदाराला ‘तुम्हीच दाबले’ म्हणायला आयतेच निमित्त मिळते.

सगळे डाग मात्र या जातीचे नसतात, आणि इथेच आपली गल्लत होते. काही दिवसांतच पडद्यावर चौकोनी चौकोनी, ओळीत बसलेले पुसट ठसे दिसू लागतात. नीट पाहिले तर ते खालच्या कळफलकाचेच प्रतिबिंब असते. झाकण बंद केल्यावर काच आणि कळा यांच्यामध्ये जागा अगदी थोडी उरते. त्यात लॅपटॉप पिशवीत पुस्तके आणि डब्याबरोबर कोंबला, एस. टी.त मांडीवर दाबून धरला, की बोटांचे तेल कळांवरून काचेवर उतरते. हा दोष कारखान्याचा नव्हे. मऊ, बारीक धाग्यांचे फडके शुद्ध पाण्यात किंचित ओलावून हलक्या हाताने फिरवले की तो जातो. खिडक्यांच्या काचा पुसायचा अमोनियाचा फवारा मात्र कदापि मारू नये. पडद्यावरचा चकाकी कमी करणारा पातळ लेप त्याने उडतो. शिवाय ठसे पडू नयेत म्हणून काही शहाणी मंडळी कळांवर रुमालाची घडी ठेवून झाकण लावतात. त्याने काच तडकते. एक पेन्सिल आत विसरली तरी तेवढे पुरते.

हा लेपच जर मुळात कच्चा असेल तर? ही नुसती शंका नाही, घडलेली गोष्ट आहे. ॲपल कंपनीच्या काही मॅकबुक यंत्रांच्या पडद्यांवरचा लेप जागोजागी उडून डाग पडू लागले. मालकांना प्रथम वाटले की आपल्याच पुसण्याने हे झाले. पण जगभरच्या अशा मालकांनी आपापल्या पडद्यांची छायाचित्रे एकत्र केली, तेव्हा डाग एकाच जातीचे आहेत हे उघड झाले, आणि २०१५ मध्ये कंपनीने असे पडदे विनामूल्य बदलून द्यायला आरंभ केला. एकट्याचा डाग हा त्याचा निष्काळजीपणा ठरतो आणि हजारांचा डाग हा कारखान्याचा दोष ठरतो, हे यात ध्यानात घेण्यासारखे आहे.

तिसरा प्रकार उजेडाच्या गळतीचा. पडदा पूर्ण काळा करून अंधारात पाहिला तर कडांना, कोपऱ्यांना पांढरट झाक दिसते. चौकट आवळून बसली की मागचा दिवा कडेने झिरपतो. थोडी झाक बहुतेक पडद्यांत असतेच, आणि तिरके पाहिल्याने ती वाढल्यासारखी वाटते. म्हणून अगदी समोरून पाहून मग बोलावे. मध्यभागी ढगासारखे पांढरे डाग दिसले तर ते बहुधा मागून दाब बसल्याचे लक्षण. आपल्या भागाला याचा विचार केलाच पाहिजे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात, आणि आपल्याकडे येणारा बराच माल मालमोटारींतून आदळत येतो. खोके बाहेरून चेपलेले असेल तर ते घेण्यापूर्वीच तसे लिहून द्यावे.

आणि ऊन! अनेक लॅपटॉप सुमारे ३५ अंशांपर्यंत वापरावेत, असे त्यांच्याच पुस्तिकांत छापलेले असते. वैशाखात आपल्याकडे सावलीतला पारा ४५ ला टेकतो. अशा दुपारी बंद मोटारीत लॅपटॉप ठेवला तर द्रवस्फटिकाची ती शिस्त मोडू लागते आणि पडदा काळवंडतो. रायनित्झरने पाहिले तेच इथे मोटारीच्या मागच्या आसनावर घडते म्हणा ना! निवल्यावर तो बहुधा पूर्ववत होतो, पण हा प्रयोग पुन्हा पुन्हा करण्यासारखा नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. दुकानदार ‘एवढं चालतं’ म्हणतो ते हवेतले नसते. २००१ साली आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने सपाट पडद्यांचे वर्ग ठरवून दिले. पहिल्या वर्गात एकही दोष क्षम्य नव्हता. दुसऱ्या वर्गात दर दहा लाख ठिपक्यांमागे दोन पूर्ण उजळ, दोन पूर्ण काळे आणि झरोक्यांचे पाच दोष क्षम्य मानले होते. आणि बाजारात चालत आला तो बहुतकरून हा दुसरा वर्ग. म्हणजे आपल्या वीस लाखांच्या पडद्यावर चार दिवे आणि चार काजळाचे टिकले असले तरी माल पास! २००८ मध्ये त्या मानकाची जागा नव्या मानकाने घेतली, पण वर्गांची कल्पना तीच राहिली.

मी कारखानदाराचा शत्रू नाही. बासष्ट लाख झरोक्यांत एकही अडकू द्यायचा नाही म्हटले तर कितीतरी पडदे फेकून द्यावे लागतील आणि उरलेल्यांची किंमत आपल्याला झेपणार नाही. मर्यादा असावी, हे मला मान्य आहे. माझी तक्रार निराळी आहे. ती मर्यादा गिऱ्हाइकाला विकण्यापूर्वी का सांगत नाहीत? सोन्याचे पाहा. जून २०२१ पासून दागिन्यांवर हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांची ओळखखूण असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. बावीस कॅरट म्हणजे ९१६, हजारात ८४ भाग दुसरी धातू. हे तो दागिनाच सांगतो. त्यात कोणाला फसवल्यासारखे वाटत नाही. लॅपटॉपच्या खोक्यावर मेंदूचा वेग, स्मरणशक्ती, वजन, सारे ठळक छापलेले असते. किती मेलेले ठिपके तुम्ही गोड मानून घ्यायचे, हा आकडा मात्र तक्रार घेऊन गेल्यावर कळतो. विकताना झाकलेली अट परत देताना दाखवणे, याला मी सचोटीचा व्यापार म्हणणार नाही.

कायदा याबाबतीत ग्राहकाला अगदीच वाऱ्यावर सोडत नाही. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ मध्ये, ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलात आहे. कायद्याने अथवा कराराने पाळायचा दर्जा, मग तो करार स्पष्ट असो की गृहीत, किंवा विक्रेत्याने स्वतः सांगितलेला दर्जा, यात उणेपणा असेल तर तो ‘दोष’, अशी व्यापक व्याख्या त्यात आहे. कारखान्याची आतली मोजपट्टी म्हणजेच शेवटचा शब्द, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. आणि जळगावच्या माणसाला तक्रारीसाठी आता कंपनीच्या गावी जाण्याचे कारण उरलेले नाही. आपण राहतो तिथल्याच जिल्हा आयोगाकडे ती करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. दोष डोळ्यांनी ठरत नसेल तर वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अधिकारही आयोगाला आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीवर बोलावे. एका ठिपक्यासाठी वर्षभर खेटे घालावेत असा माझा आग्रह नाही. पण ‘चालतं’ या शब्दावर खटला संपत नाही, हे दुकानदारालाही माहीत असावे आणि आपल्यालाही.

पुराव्याचे काम पहिल्याच दिवशी होते. संपूर्ण पडदा एकाच रंगाचा करणारी पाच चित्रे घ्यावीत: पांढरे, काळे, लाल, हिरवे, निळे. काळ्यावर उघडे झरोके आणि कडांची गळती दिसते, पांढऱ्यावर बंद झरोके, आणि उरलेल्या तीन रंगांत एकेका रंगाची हजेरी लागते. दहा मिनिटांचे काम आहे. घरपोच खोके आले असेल तर ते उघडण्यापासून पडदा लागेपर्यंतचे चित्रण दुसऱ्याच्या हातून करून घ्यावे. दुकानात घेत असाल तर तिथेच ही पाच चित्रे लावून पाहावीत, आणि पावतीच्या पाठीवर एवढेच लिहून मागावे: ‘पडदा गिऱ्हाइकासमोर लावून पाहिला, ठिपका नाही,’ खाली तारीख आणि सही. आमच्या सराफांनी पिढ्यान्‌पिढ्या वजन आणि कस पावतीवर लिहून दिला आहे. लॅपटॉपच्या व्यापाऱ्याला ही एक ओळ लिहायला शाई काही जास्त लागणार नाही.