मागाभोवतीची माणसे
(व्यवसायातील मानसशास्त्र व नेतृत्व या विषयावरील व्याख्यान)



व्यापारी समाजाला हिशेब नवा नाही. वर्षअखेरीस ताळेबंद मांडताना रोकड, मालसाठा, येणे, देणे, घसारा या सर्वांची नोंद होते. गोदामातील ताका ओलीने डागाळला, तर त्याची तूट वहीत चढते. परंतु पेढीवर वीस वर्षे राबणाऱ्या माणसाचे मन कामावरून उडाले, तर ती तूट कोणत्या खात्यात लिहावयाची? ताळेबंदात तिला रकाना नाही. तरीही पेढी तिची किंमत रोज मोजत असते. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतते, मालातील खोट वेळीच ध्यानात येत नाही आणि एके दिवशी जाणकार माणूस समोरच्या दुकानात जाऊन बसतो.

मानसशास्त्र म्हणजे वेडाचा इलाज, असा समज आजही पुष्कळ ठिकाणी आढळतो. वस्तुतः कारखान्यात काम करणाऱ्या सर्वसामान्य, निरोगी माणसाच्या मनाचा अभ्यास शंभर वर्षांपूर्वीच सुरू झाला. अमेरिकेत शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ साली एक साधा प्रश्न तपासण्यास घेतला गेला : दिव्यांचा उजेड वाढविला तर उत्पादन वाढते काय? उजेडाचा व उत्पादनाचा सरळ संबंध काही हाती लागला नाही. मात्र १९३२ पर्यंत चाललेल्या या प्रयोगमालेवरून एल्टन मेयो व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे प्रतिपादन केले, की आपल्याकडे कोणाचे लक्ष आहे, आपले मत विचारले जाते आणि आपण एका गटाचे घटक आहोत, या भावनेचा कामावर मोठा परिणाम होतो. या प्रयोगांच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली व ती अनाठायी नव्हती. परंतु कामाची आखणी करताना यंत्राचा विचार होतो तसा माणसाचाही का होऊ नये, हा प्रश्न तेथून जो उभा राहिला तो कायमचा.

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर शोधण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. ते अहमदाबादेत, आणि तेही कापडाच्याच गिरणीत सापडते.

अहमदाबादच्या कापडगिरण्यांच्या इतिहासात जैन कुटुंबांचे स्थान मोठे आहे. १९१८ च्या गिरणी संपात गिरणीमालकांचे नेतृत्व अंबालाल साराभाई करीत होते आणि गांधीजींसमवेत कामगारांच्या बाजूने त्यांच्याच भगिनी अनसूयाबेन उभ्या होत्या. माणसाचा प्रश्न या शहरात असा घरातूनच उभा राहिला. पुढे १९४७ साली कस्तुरभाई लालभाई यांच्यासारख्या गिरणीमालकांच्या सहकार्याने आणि विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने ‘अटीरा’ ही वस्त्रोद्योग संशोधन संस्था स्थापन झाली. सूत, रंग व यंत्रे यांचा अभ्यास तेथे होणारच होता; पण माणसामाणसांतील संबंधांच्या अभ्यासासाठीही तेथे स्वतंत्र विभाग काढण्यात आला आणि मानसशास्त्रज्ञ कमला चौधरी यांनी त्याची धुरा वाहिली.

याच काळात अंबालालांचे पुत्र गौतम साराभाई हे कॅलिको मिलचे प्रमुख होते. गिरणीत नवे स्वयंचलित माग आले होते. यंत्रे उत्तम, सूत उत्तम. तरीही उत्पादन अपेक्षेइतके नव्हते आणि कापडात खोट फार राहत होती. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राईस यांना सल्ल्यासाठी पाचारण करण्यात आले.

राईस यांनी कामाची मांडणी पाहिली. त्या विभागात २२४ माग होते व त्यांवर २९ माणसे १२ निरनिराळी कामे करीत. विणकर आठ, बॅटरीत कांड्या भरणारे पाच, ताण्याचे तुटलेले धागे सांधणारे तीन. याखेरीज बीम चढविणारे, कापड वाहून नेणारे, जॉबर व त्यांचे मदतनीस, तेल देणारा, झाडलोट करणारा, अशी ती विभागणी होती. कागदावर ती निर्दोष होती. पण व्यापाऱ्याच्या नजरेने हिशेब केला तर काय दिसते? आठ विणकरांमागे कांड्या भरणारे पाच, म्हणजे एका विणकराच्या वाट्याला एका माणसाचा पाच अष्टमांश भाग! धागे सांधणाऱ्याचा तीन अष्टमांश भाग! माणसाचे असे अपूर्णांक पडले, की कोण कोणाचा सोबती, हे कोणालाच सांगता येत नाही. सुताचा नंबर वा कापडाचा प्रकार बदलला, की एकाचे काम वाढे आणि दुसऱ्याचे कमी होई; परंतु मोकळ्या हाताने अडलेल्या हाताला साह्य करावे, अशी योजनाच नव्हती. माग बंद पडला तर तो कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर बारा जणांकडे बारा प्रकारचे होते.

राईस यांनी सुचविलेली कल्पना एका वाक्यात मावणारी होती : मागांच्या एका गटासाठी माणसांचा एक गट असावा. तिचा पुढील विस्तार खुद्द कामगारांनी व देखरेख करणाऱ्यांनीच केला. आपल्या गटात कोण असावे, हे त्यांनी आपसांत ठरविले. ६४ मागांसाठी सात माणसांचा गट, अशी रचना झाली. सातही जणांनी मिळून ६४ माग चालते ठेवावयाचे; कोणी केव्हा काय करावे, हे त्यांचे त्यांनी पाहावयाचे.

कामाच्या साठ दिवसांनंतर आकडे पाहिले गेले. मागांची कार्यक्षमता ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेली होती आणि खोटीचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले होते. शेजारीच ज्या मागांवर जुनी पद्धत चालू होती, तेथे कार्यक्षमता ८० टक्क्यांपलीकडे गेली नाही व खोट ३१ टक्क्यांवरच राहिली. यंत्र तेच आणि छप्परही तेच होते. बदलले होते ते माणसांचे परस्परांशी आणि कामाशी असलेले नाते. कामगारांच्या हाती अधिक वेतन आले आणि गिरणीचा खर्चही घटला.

येथे नेतृत्वाविषयीचा खरा धडा आहे. गट आपले काम आपण पाहू लागला, तर मग वरिष्ठाने करावयाचे काय? राईस यांच्या विचारानुसार वरिष्ठाचे स्थान कामाच्या सीमेवर आहे. सूत वेळेवर यावे, बीम तयार असावेत, सुटे भाग मिळावेत, बाहेरच्या ओढाताणीची झळ गटाला पोहोचू नये, हे त्याने पाहावयाचे. शेताला बांध घालणे व पाणी आणून देणे हे धन्याचे काम; रोप दररोज उपटून मूळ धरले की नाही ते पाहणे हे नव्हे.

हे यश सर्वत्र टिकले काय? १९७० साली टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर यांनी पुन्हा पाहणी केली. स्वयंचलित मागांच्या त्या मूळ विभागात गटपद्धती सोळा वर्षांनंतरही जवळजवळ जशीच्या तशी चालू होती. पुढे ज्या इतर विभागांत ती नेण्यात आली होती, तेथे मात्र काम बहुतांशी जुन्या वळणावर गेले होते. सीमेवरचा राखणदार ढिला पडला, की आतील गट विसकटतो. कॅलिको मिलही १९९० च्या दशकात बंद पडली. बाजारपेठेचे वारे फिरविण्याचे सामर्थ्य मानसशास्त्रात नाही, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

परंतु प्रश्न केवळ उत्पादनाचा नाही, माणसाच्या आरोग्याचाही आहे. लंडनमधील दहा हजारांहून अधिक सरकारी कर्मचाऱ्यांचा १९८५ पासून दीर्घकाळ अभ्यास करण्यात आला. ज्यांना स्वतःच्या कामाबाबत काहीच ठरविता येत नाही, त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ‘बर्नआऊट’ या अवस्थेची व्याख्या केली. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेल्या व न निवळलेल्या ताणातून येणारा थकवा, कामाविषयी वाटणारा दुरावा आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना, ही तिची तीन लक्षणे. हा स्वतंत्र आजार नसून कामाशी निगडित अवस्था आहे, असेही तेथे स्पष्ट केले आहे. म्हणजे उपाय केवळ औषधाच्या बाटलीत नाही. तो कामाच्या मांडणीतही शोधावा लागतो.

हे सारे मोठ्या कारखान्यांचे झाले, चार-सहा माणसांच्या पेढीला त्याचा काय उपयोग, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. एकाने फक्त ताके काढायचे, दुसऱ्याने फक्त घड्या घालायच्या, तिसऱ्याने फक्त बिल फाडायचे, अशी वाटणी करण्याऐवजी साड्यांचा विभाग दोघा-तिघांकडे पूर्ण सोपवून पाहावा. कोणता माल संपत आला, कोणता पडून आहे, गिऱ्हाईक काय मागते, हे त्यांना विचारावे. सणासुदीच्या सुट्ट्या कोणी केव्हा घ्याव्यात, हे त्यांनाच ठरवू द्यावे.

हातून चूक झाली, कापड आखूड फाडले गेले, तर गिऱ्हाइकांसमोर आवाज चढविण्यापूर्वी ‘काय झाले?’ एवढे विचारावे. अमेरिकेतील अ‍ॅमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील गटांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या गटांत चुकांची नोंद अधिक आढळली. तेथे चूक सांगण्याची भीती नव्हती, हे त्याचे कारण. भीती असते तेथे आखूड तुकडा ताक्याच्या पोटात दडविला जातो आणि दिवाळीच्या गर्दीत बाहेर येतो.

आणखी एक गोष्ट थोडी कटू आहे. पुष्कळ पेढ्यांवर वडील सकाळी एक सांगतात आणि चिरंजीव दुपारी दुसरे. दोघेही मालक; नोकराने ऐकावे कोणाचे? पिता-पुत्रांचा मतभेद घरात बसून मिटला नाही, तर त्याचे ओझे दुकानातील सर्वांत गरीब माणसाच्या डोक्यावर येते. कामाची सीमा राखावयाची म्हणजे प्रथम आपले घर एका शब्दावर आणावयाचे.

एखादा जुना माणूस गप्प गप्प राहू लागला, खाडे करू लागला, तर पगार कापण्याआधी त्याला बाजूला बसवून त्याचे ऐकून घ्यावे; गरज वाटल्यास त्याला डॉक्टरांकडे पाठवावे आणि ती गोष्ट आपल्यापाशीच ठेवावी. उपदेश त्या वेळी नको. मालकाच्याही मनावर ताण असतो. तो कबूल करण्यात कमीपणा नाही.

पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या या संस्थेच्या कार्यालयातही माणसेच राबत आली आहेत. येत्या पाडव्याला वहीपूजन होईल, त्या दिवशी पेढीवरच्या प्रत्येक माणसाला एक प्रश्न विचारावा : ‘तुमच्या कामात काय अडते?’ आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नये. आरंभाला एवढे पुरेसे आहे.